शहागंजची भट्टी: नान डोळे झाकून घ्या, लादी तोलून घ्या

छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यात माझी मेस आहे. रोजचा खर्च वहीत लिहिते, त्यामुळं कशाचा भाव कधी चढला ते मला तोंडपाठ. शहागंजकडं एका गल्लीत जुनी भट्टी आहे. नान, पाव, टोस्ट सगळं तिथूनच येतं.

आधी नान. दुपारी चारनंतर जा, गरम मिळतो. कारागीर गोळा गादीवर पसरतो, वाकून तंदूरच्या भिंतीला चिकटवतो. हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला असतो, म्हणून तो तसा पिवळाजर्द चकाकतो. घरी खलिया, म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा, असला की मी दुसरीकडं जातच नाही. वहीत २०१५ ला नान ६ रुपयांचा आहे, आज १५ चा. पण आकार तेवढाच, ताटाबाहेर येणारा. भाव वाढवायचा असला की भट्टीवाले चाचा पाटीवर खडूनं लिहितात आणि आठवडाभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेतात. हे मला पटतं.

लादीचं तसं नाही. १० ची १५ झाली, १५ ची २०, आणि तिथंच थांबली. मला वाटलं, चला, चाचांना दया आली. मग मेसमधली पोरं म्हणायला लागली, "काकू, भाजी उरती अन् पाव संपतो." भाजी तोलायचा काटा बाहेर काढला. सहा पावांची लादी आधी बरोब्बर पावकिलो भरायची, आता २१० ग्रॅम! पाकिटातल्या ब्रेडवर निदान वजन छापलेलं असतं, चष्मा लावला की दिसतं. लादीवर काय वाचणार?

चाचा मैदा, तेल, लाकूड सगळ्याचं रडगाणं गातात. खोटं नाही ते. मे २०२२ ला सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली, तरी पुढच्या हिवाळ्यापर्यंत गहू चढतच राहिला.

बरं, भाकरीवर यावं म्हटलं तर तीही आता स्वस्तातली राहिली नाही. दीर पैठणकडं मालदांडी ज्वारी पेरतात. २०१४-१५ ला ज्वारीचा हमीभाव क्विंटलला १५५० होता, २०२५-२६ ला ३७४९. गहू तेवढ्यात १४०० वरून २४२५ वर आला. म्हणजे आमच्या सासूबाई ज्या भाकरीला गरिबाचं खाणं म्हणायच्या, ती मी आता मेसमध्ये आठवड्यातून दोनदाच करते.

टोस्ट घेऊ नका, कडेला करपलेले असतात. खारी ठीक.

परवा काटा पिशवीत घालूनच गेले. चाचांनी एकदा काट्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि न बोलता सातवा पाव टाकला. २४५ भरलं. पाच ग्रॅम मी सोडले. काल पोराला पाठवलं, तर परत सहाच.