वॉलथॅम बटरनट: परसातल्या भोपळ्यासाठी हेच बी

न्यू जर्सीत परसात भोपळा लावायची हौस असेल तर बी वॉलथॅम बटरनटचं घ्या, असं मी ओळखीतल्या प्रत्येकीला सांगते. जात जुनी आहे. १९७० साली तिला 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स'चा, म्हणजे नव्या वाणांची चाचणी घेऊन उत्तम वाण निवडणाऱ्या संस्थेचा, मान मिळाला.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण म्हणजे खोड. इथे उन्हाळ्यात खोडकिडा झुकिनीच्या पोकळ खोडात शिरतो आणि डवरलेलं झाड बघता बघता मान टाकतं. बटरनटचं खोड भरीव असल्याने किडीला आत शिरणं अवघड जातं. यंदा माझी झुकिनी गेली, पण त्याच वाफ्यातला हा वेल कुंपणावर चढतच राहिला. वेल चांगला दहा फूट पसरतो, तेव्हा कुंडीत लावू नका.

ऑगस्टअखेर पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, येतेच. फळं भरलेली असली तर घाबरायचं कारण नाही. पाणी फक्त बुडाशी द्यायचं. त्या सुमाराला आलेल्या फुलांची फळं थंडीआधी तयार होत नाहीत, म्हणून मी ती खुडून भजी करते.

पाकिटावर शंभर-एक दिवस लिहिलेले असतात, पण तुम्ही फळ बघा. देठाजवळच्या हिरव्या रेघा मावळतात, सालीची चकाकी जाऊन ती फिकट बदामी होते, नख दाबलं तरी रुतत नाही. मग दोन बोटं देठ ठेवून कात्रीने कापायचं, तेही पहिलं हिम पडायच्या आत. देठाला धरून उचलू नका, तो तुटला की तिथूनच फळ कुजायला लागतं. आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवून मग थंड, कोरड्या खोलीत ठेवा, फ्रिजमध्ये नको. काही आठवड्यांत पिठूळपणा जाऊन गोडी वाढते, तेवढा धीर धराच.

घारग्यांना तर याच्यासारखा गर नाही. पाणी कमी, रेषा जवळजवळ नाहीतच, त्यामुळे कणीक बेताची लागते आणि रंग केशरी येतो. दही आणि तुपाच्या फोडणीचं भरीतही छान होतं. साल पातळ, सोलाण्याने सहज निघते. फक्त फोडी अख्ख्या राहायला हव्यात अशा भाजीत हा लवकर मऊ पडतो; त्या भाजीसाठी मी अजूनही इंडियन ग्रोसरीतून डांगराची फाक आणते.