पहिली जर्मन पंक रेकॉर्ड: फेलफार्बन घ्यावी की टोटेन होजेन?

एका मित्राने विचारलंय की जर्मन पंकची एकच रेकॉर्ड घ्यायचीय, फेलफार्बनची पहिली घेऊ की टोटेन होजेनची पहिली. मी दोन्ही घेतल्या होत्या म्हणून लिहितोय, बाकी पंक म्हणजे काय वगैरे इथे सांगत बसत नाही.

दोन्ही डुसेलडॉर्फची पोरं, राटिंगर होफ या एकाच पबच्या आसपास वाढलेली. फेलफार्बन १९७९ चा बँड. गायक पीटर हाइन आणि गिटारवाला थोमास श्वेबेल आधी ज्या बँडमध्ये होते त्याचं नाव मिटागपाउझे, म्हणजे चक्क जेवणाची सुट्टी. फेलफार्बन म्हणजे रंग बिघडल्यामुळे स्वस्तात विकतात ते सिगार. १९८० मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड 'मोनार्शी उंट आलटाग' आली ती थेट ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीकडून, आणि कट्टर पंकवाले अर्थातच भडकले. टोटेन होजेन १९८२ चे, शब्दशः 'मेलेल्या पँटी', पण जर्मनमध्ये जिथे काहीच घडत नाही अशा जागेला तसं म्हणतात. पहिल्याच शोला, ब्रेमेनमध्ये, त्यांचं नाव चुकून 'मेलेले ससे' असं लागलं होतं! त्यांची पहिली रेकॉर्ड 'ओपेल-गँग', १९८३ मध्ये स्वतःच्याच लेबलवर काढलेली.

खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात ओपेल-गँगच जिंकत होता. फास्ट आहे, मजा आहे, ओपेल गाडीतून हिंडणारी पोरं डोळ्यासमोर येतात, आणि माझं जर्मन जेमतेम असून कोरस दुसऱ्यांदा ऐकताना तोंडात बसला. पण अडचण तिथेच झाली ना. कोरस आला की अख्खा बँड ओरडतो, आणि मी ऐकणार कधी तर ऑफिसातून आल्यावर रात्री एकटा कांदा चिरताना. सारखं असं वाटायचं की न सांगता चारपाच जण घरात घुसलेत, थोडी प्यायलेत आणि जायचं नाव घेत नाहीयेत. तिसऱ्या गाण्याला मी सुई उचलायचो. चारचौघांत ऐकणाऱ्याला हेच आवडेल कदाचित, मी नाही म्हणत नाही.

हाइन मात्र एकटाच बोलतो, वैतागून. शहरावर राखाडी थर बसलाय आणि आईने तो अजून धुतलेला नाही, असं काहीतरी म्हणतो आणि आपण चिरता चिरता थांबतो. शेवटचं 'पाउल इस्ट टोट' जवळजवळ आठ मिनिटांचं, त्यात पिनबॉल खेळणं येतं आणि सॅक्सोफोन कुठल्या कुठे नेतो. कांदा करपलाय माझा त्यात. खटकणारं म्हणाल तर याच रेकॉर्डवरचं 'एस गेट फोरान', म्हणजे 'पुढे चाललंय', ते १९८२ मध्ये एवढं हिट झालं की उपरोध बाजूला राहिला आणि लोक नाचायला लागले. हाइन तोवर बँडमध्ये नव्हताच, त्याने झेरॉक्समधली नोकरी धरून ठेवली आणि बँड सोडला! नोकरी करणाऱ्या माणसाला हे जरा जास्तच जवळचं वाटतं.

तुम्ही दोन्ही एकदा ऐका, आवड आपापली. माझी ओपेल-गँग एक मित्र पार्टीला म्हणून घेऊन गेला त्याला दोन वर्षं झाली, अजून मागितली नाहीये.