१८ दिवसांच्या बाळाचा एमआरआय: आतली माणसं ५ पैकी ५, फोनवरची १

सेंटरचं नाव टाकत नाही, उगाच वाद नको. लेकीला जन्मतःच सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस नावाच्या विषाणूचा संसर्ग) निघाला. कानाची टेस्ट फेल, प्लेटलेट कमी, म्हणून डॉक्टरांनी लगेच लघवीची पीसीआर करायला लावली. २१ दिवसांच्या आतच करावी लागते म्हणे, नंतर पॉझिटिव्ह आली तर पोटातच झालं की बाहेर लागलं ते कळत नाही.

आधी डोक्याची सोनोग्राफी, ती फर्स्टक्लास. टाळू उघडी असते ना, तिथूनच प्रोब ठेवून आत बघतात, रेडिएशन वगैरे काही नाही. सासूबाईंनी सकाळीच टाळू तेलाने भरलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मॅडम हसून म्हणाल्या असू दे हो, आम्हीपण आता जेल थापणारच आहोत. जेलसुद्धा कोमट करून लावलं. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेने पांढरे ठिपके दिसले, ते कॅल्शियम. पण मेंदूच्या घड्या आणि पांढरा भाग नीट बघायचा तर एमआरआयच, म्हणून तोही.

आणि इथे माती खाल्ली. फोनवरच्या बाईंनी सांगितलं ४ तास उपाशी ठेवा, भूल देणार. पोर रडून रडून लालबुंद, माझा पान्हा फुटलेला, आणि आत गेल्यावर टेक्निशियन दादा म्हणतात उपाशी कोणी ठेवायला सांगितलं, एवढ्या लहान बाळाला आम्ही पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेतच करतो! अरे मग फोनवर कोण बसवलंय तुम्ही??

दादा मात्र हिरा माणूस. वाळे, मनगट्या, काळा दोरा सगळं काढायला लावलं, झबल्याला टिचबटणं होती तर तेही बदललं (नाडीचं झबलं न्या, लक्षात ठेवा), दुपट्यातली सेफ्टी पिन तर त्यांनीच शोधली. मी पोटभर पाजलं, बाळाच्या कानात प्लग, वरून मफ. मशीनची एवढी खडखड चालू आणि बाई ढाराढूर.

रिपोर्ट काउंटरवरून नुसतं पाकीट हातात. रिक्षात उघडलं तर पॉलिमायक्रोजायरिया (मेंदूच्या घड्या नीट न बनणं) एवढाच शब्द दिसला, घर येईपर्यंत रडले. त्याच्या आधी 'नो एव्हिडन्स ऑफ' लिहिलंय हे नवऱ्याने दाखवलं. दोन मिनिटं कोणी समजावलं असतं तर काय बिघडलं असतं का. शेवटी बाळाच्या डॉक्टरांनीच सांगितलं, घड्या नीट आहेत, पांढऱ्या भागात थोडे डाग आहेत. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर (विषाणूवरचं औषध) चालू केलंय, ६ महिने, पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून मधेमधे रक्त तपासायचं.

परत एमआरआय लागला तर तिथेच जाईन, पण फोनवर काही विचारणार नाही, थेट दादांनाच गाठणार. बेरा (ऐकू येण्याची सविस्तर तपासणी) पुढच्या महिन्यात आहे, तो दुसरीकडे.