एसएसडी, रॅम आणि नवीन पेस्ट: जुना लॅपटॉप काही महिने वापरल्यावर

आठव्या जनरेशनचा आय फाइव्ह, ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क आणि ८ जीबीची एकच रॅम स्टिक असा लॅपटॉप होता. त्यात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकली, अजून एक ८ जीबीची स्टिक लावली आणि आतून साफ करून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची गरमी बाहेर न्यायला त्यावर लावतात ती पेस्ट, बदलली. आता बरेच महिने रोज वापरून झालाय, तर यातलं काय टिकलं आणि काय नुसतं पहिल्या आठवड्याचं कौतुक होतं ते सांगतो.

एसएसडीबद्दल वादच नाही. जुन्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, नवीन वेगवान एनव्हीएमई प्रकारची हजारोंमध्ये, हे आकडे सगळे सांगतात, पण रोजच्या वापरात जाणवतं ते वेगळंच. विंडोज चालू होताना बारीकसारीक फाइली इकडून तिकडून वाचत असतं आणि हार्ड डिस्कचा निम्मा वेळ हेड हलवण्यात जातो, एसएसडीत हलणारं काही नसतंच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसायची ती कटकट गेली ती गेलीच, अजून परत आली नाही. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर मात्र ब्राउझर आणि ऑफिसच्या कामात तेवढा फरक कळणार नाही. आणि एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसते ती जागा) दिसला म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नाही हां, काही मॉडेलमध्ये तो फक्त साटाच असतो, आधी मॅन्युअल बघा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क लॉक करायचं फीचर, चालू असेल तर रिकव्हरी की कुठेतरी बाहेर लिहून ठेवा आणि मगच डिस्कला हात लावा.

रॅमचं म्हणाल तर ती भरत असेल तरच फायदा. माझी ब्राउझरमध्येच भरायची म्हणून फरक पडला, शिवाय दोन स्टिक झाल्यामुळे ड्युअल चॅनल मिळालं, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जातात, आणि प्रोसेसरमधलंच इंटिग्रेटेड ग्राफिक्स हीच रॅम वापरतं त्यामुळे हलके गेम जरा बरे चालतात. डीडीआर४ रॅमच्या जागी पुढच्या पिढीची डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळी असते. बऱ्याच नवीन पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डवर सोल्डरच केलेली असते, तिथे विषयच संपला.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गरमीकडे. फॅन आणि गरमी बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या (फिन्स) मधे धुळीचा अक्षरशः गालिचा तयार झालेला असतो आणि बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट आतच घट्ट बसतो. खालचं कव्हर काढायचं, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, फॅनची पाती बोटाने धरून ठेवायची आणि मग हवा मारायची. स्क्रू कुठला कुठून काढला ते कागदावर मांडून ठेवा, लांब स्क्रू आखूड जागी लावला तर खाली बोर्डला लागू शकतो. आधी जरा लोड आला की टेम्परेचर नव्वदीच्या पुढे जायचं आणि प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करायचा, म्हणजे मशीन स्लो वाटायचं त्यात गरमीचाही मोठा हात होता. साफ केल्यावर ऐंशीच्या आत आलं. आता परत थोडं वर सरकलंय, कारण लॅपटॉपच्या प्रोसेसरवर वरची धातूची टोपी नसते, गरम थंड होता होता पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते. कूलिंग पॅडने मला तरी फार काही मिळालं नाही, मागची बाजू उचलून ठेवली की जवळपास तेवढंच काम होतं.

बॅटरी बदलली नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) कमांड मारली की जो रिपोर्ट तयार होतो त्यात डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवीन असतानाची, आणि आत्ताची फुल चार्ज कपॅसिटी दोन्ही दिसतात. दिवसभर चार्जरवरच असतो म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचं सेटिंग केलंय, लिथियम बॅटरीला कायम १०० टक्के आणि वर गरमी हे दोन्ही सोसत नाही, आणि तेव्हापासून कपॅसिटी जवळपास तिथेच आहे. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा क्लिक कडक झालं तर मात्र बॅटरी फुगलीय का बघा, आणि फुगली असेल तर त्या दिवसापासून वापर बंद, टोचून बघायचा तर विचारही नको.

पुढच्या वेळी उघडेन तेव्हा पेस्टऐवजी फेज चेंज पॅड (गरम झाल्यावर मऊ होणारा पातळ पॅड) लावणार आहे, तो असा कडेला सरकत नाही म्हणतात.