एकाच सालच्या पुअर चहाच्या दोन चकत्या: दहा-अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुअर हा चीनमधला, दाबून चकत्या केलेला आणि वर्षानुवर्षे मुरवला जाणारा चहा. तो जुना घेऊ पाहणारा माणूस बहुधा आधी ‘किती वर्षांचा आहे?’ असे विचारतो. एक पावसाळा, एक हिवाळा आणि आता सरत आलेला उन्हाळा एवढा काळ दोन चकत्या आलटून पालटून प्यायल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, ‘इतकी वर्षे तो कुठे ठेवला होता?’ हा प्रश्न त्याच्याही आधी विचारायला हवा.

दोन्ही चकत्या चीनच्या युन्नान प्रांतातील मंगहाय चहा कारखान्याच्या, ७५४२ या मिश्रणाच्या, प्रत्येकी ३५७ ग्रॅमच्या आणि २००६ च्या पहिल्या खेपेच्या, म्हणजे ६०१ क्रमांकाच्या आहेत. दोन्ही मी हाँगकाँगमध्ये घेतल्या. मात्र एक पहिल्यापासून तिथल्या दमट, उष्ण हवेत मुरली आहे, तर दुसरी बरीच वर्षे सुमारे १,९०० मीटर उंचीवरच्या थंड, कोरड्या कुनमिंगमध्ये, म्हणजे युन्नानच्या राजधानीत, राहून अलीकडेच हाँगकाँगला आली होती. ७५ हा आकडा पाहून चहा १९७५ चा आहे असे पुष्कळांना वाटते आणि काही विक्रेते तो समज दूर करण्याची तसदी घेत नाहीत. वास्तविक ७५ हे मिश्रण ठरल्याचे साल, ४ ही पानांची प्रत आणि २ हा कारखान्याचा क्रमांक आहे. हा ‘शंग’, म्हणजे कच्चा पुअर असून तो वर्षानुवर्षे आपसूक मुरतो; ओलावलेल्या पानांचे ढीग घालून काही आठवड्यांत आंबवलेला ‘शौ’ हा १९७३ च्या सुमारास कुनमिंगमध्ये विकसित झालेला वेगळा प्रकार आहे.

चकती फोडताना मागच्या खळग्याच्या कडेपासून दाभण आडवा सरकवून थर सोडवावेत. उभा खुपसल्यास पानांचा चुरा होतो आणि चुऱ्याचा चहा कडू उतरतो. शंभर मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत, म्हणजे गायवानमध्ये, मी सहा ग्रॅम चहा घेतो, उकळत्या पाण्याने तो एकदा धुऊन ते पाणी टाकून देतो आणि पुढची पाणी, म्हणजे त्याच पानांवर पुन्हा पुन्हा ओतून काढलेला चहा, दहा सेकंदांपासून सुरू करून हळूहळू वेळ वाढवत नेतो. हाँगकाँगच्या चकतीच्या पहिल्या पाण्याला ओल्या लाकडाचा आणि जुन्या पेटीचा वास येतो. तिसऱ्या पाण्यापर्यंत तो ओसरतो आणि त्याखालचा कापराचा थंड, गोडसर गंध वर येतो. रंग गडद तांबूस असूनही वाटीचा तळ स्वच्छ दिसतो आणि घोट जाड, मऊ लागतो. कुनमिंगच्या चकतीचा रंग अजून नारिंगी आहे, वासात मध आणि सुकवलेले जर्दाळू आहेत आणि जिभेवरचा तुरटपणा चांगलाच ठसठशीत आहे. मात्र आवळा खाऊन पाणी प्यावे तसा गोडवा घशात कितीतरी वेळ परतत राहतो. आज पिण्यासाठी मी निःसंशय हाँगकाँगची चकती निवडेन. कुनमिंगच्या चकतीचे खरे दिवस अजून यायचे आहेत, म्हणून तिला मी क्वचितच हात लावतो.

साठवणीच्या बाबतीत पुण्याची हवा या चहाला सोपी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि बुरशीची धास्ती असते. एप्रिलमधल्या दुपारी ती ३० टक्क्यांखाली उतरते आणि मुरण्याची क्रिया मंदावते. मी दोन्ही चकत्या त्यांच्या मूळ कागदासह, वास नसलेल्या प्लास्टिकच्या दोन स्वतंत्र डब्यांत ठेवल्या आहेत, कारण दमट साठवणीचा वास दुसऱ्या चकतीला सहज लागतो. प्रत्येक डब्यात छोटे आर्द्रतामापक आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास राखणारी, ओलावा शोषणारी आणि सोडणारीही पाकिटे आहेत. पावसाळ्यात डबे आठवड्यातून एकदा उघडून कागदाच्या घड्या तपासणे पुरेसे होते. स्वयंपाकघर, देवघर आणि डांबराच्या गोळ्यांचे कपाट या तिन्ही जागा कटाक्षाने टाळाव्यात. हिंगाचा किंवा उदबत्तीचा वास एकदा पानांत शिरला की तो जात नाही. एवढ्या काळात चहा खऱ्या अर्थाने आणखी मुरला, असे मी म्हणणार नाही. पण कुनमिंगच्या चकतीचा कोरडेपणामुळे मिटलेला गंध दिवाळीपर्यंत स्पष्टपणे मोकळा झाला, आणि हा फरक घरातल्या इतरांनाही न सांगता जाणवला.

खरेदीबाबत सावधगिरी आवश्यक आहे. २००७ मध्ये पुअरचे भाव कडाडून मग कोसळले. त्या तेजीच्या काळात चहा निव्वळ गुंतवणूक म्हणून साठवला गेला आणि लोकप्रिय चकत्यांच्या नकलाही बाजारात आल्या. म्हणून केवळ वेष्टनावर विसंबू नये, आधी २५ ग्रॅमचा नमुना घ्यावा आणि चहा पिऊन झाल्यावर निथळलेली पाने ताटलीत पसरून पाहावीत. चांगल्या साठवणीतले पान तपकिरी आणि लवचीक असते, बोटांनी उलगडता येते. एका विक्रेत्याने १९८० च्या दशकातला म्हणून दिलेल्या नमुन्याची पाने कोळशासारखी काळी आणि ताठ होती, आणि पाचव्या पाण्यालाही कुबट वास कायम होता. नव्याने सुरुवात करणाऱ्याने जुन्या शंगऐवजी याच कारखान्याचा ७५७२ हा शौ आधी प्यावा. तो तुलनेने स्वस्त असतो, साठवणीतले लहानसहान दोष सहन करतो आणि रात्रीच्या जेवणानंतर मोठ्या किटलीत केला तरी बिघडत नाही.