सुईची ईएमजी आणि सुईविना इम्पिडन्स मायोग्राफी
स्नायू किंवा मज्जातंतूंच्या आजाराचे निदान करायचे असेल, तर सुईच्या ईएमजीचे, म्हणजे स्नायूतले विद्युत संकेत नोंदवणाऱ्या इलेक्ट्रोमायोग्राफीचे, महत्त्व आजही कायम आहे. स्नायूत बारीक सुई घातल्यावर विश्रांत अवस्थेतही उमटणारे फिब्रिलेशनचे (एकेकट्या स्नायुतंतूच्या आपोआप होणाऱ्या स्फुरणाचे) संकेत आणि आकुंचनावेळी दिसणारा मोटर युनिटच्या (एक चेतापेशी आणि ती चालवते ते स्नायुतंतू यांच्या) संकेताचा आकार यांवरून दोष मज्जातंतूत आहे की स्नायूत, हे जाणकार डॉक्टर ओळखू शकतात. मात्र ही तपासणी दुखते, आणि लहान मुलावर ती वारंवार करणे मला अन्यायाचे वाटते.

इलेक्ट्रिकल इम्पिडन्स मायोग्राफीत, म्हणजे स्नायू विद्युतप्रवाहाला किती अडथळा करतो हे मोजणाऱ्या तपासणीत, त्वचेवर चार इलेक्ट्रोड टेकवतात. बाहेरच्या दोहोंमधून, अनेकदा ५० किलोहर्ट्झचा, रुग्णाला जाणवतही नाही इतका क्षीण प्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजतात. निरोगी स्नायुतंतूंची बाह्य आवरणे कपॅसिटरप्रमाणे (विद्युतभार साठवणाऱ्या घटकाप्रमाणे) वागत असल्याने हा दाब प्रवाहाच्या किंचित मागे पडतो. तंतू झिजून त्यांच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती आल्या, की दाब किती मागे पडतो हे सांगणारा फेज कोन घटतो. रुग्णाला स्नायू आवळावाही लागत नाही, म्हणून एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी झिजवणारा आजार) किंवा ड्युशेन (मुलांमधला आनुवंशिक स्नायूक्षय) यांमध्ये आजार किती पुढे सरकला, हे पाहण्यासाठी मी हीच पद्धत निवडेन. त्वचेखालची चरबी जाड असली किंवा इलेक्ट्रोड जरासे सरकले तरी आकडे बदलतात, त्यामुळे दर वेळी हाडाच्या ठरावीक खुणेपासून अंतर मोजूनच ते ठेवावे लागतात.