दालचिनी-मेथी-क्रोमियमच्या कॅप्सूल: तीन डबे आणि एक पावसाळा

साखर उतरावी म्हणून या कॅप्सूल मागवल्या. आषाढात दुसरा डबा उघडला तर आत साठ कॅप्सूलचा एकच लाडू! कस्टमर केअरची मुलगी म्हणते, "सर, थंड आणि कोरड्या जागी ठेवायचं होतं." बाय गो, देवगडात जुलै महिन्यात कोरडी जागा असती तर तिथे आधी मी जाऊन बसलो असतो. इथे कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. झाकणाला आटे जेमतेम दीड, सिलिकाची पुडी नखाएवढी, आणि किंमत ७४९ रुपये. सुरीने कॅप्सूल सोडवताना चार फुटल्या. उरलेल्या खाल्ल्या. पैसे मोजलेत, टाकतो कसा?

रोज दोन, जेवणानंतर. मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, चालूच ठेवली होती, तेवढी अक्कल होती. डॉक्टरांना मात्र सांगितलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला साखरेच्या तपासणीत एचबीएवनसी ८.१ होतं. सप्टेंबरात, गणपतीचे मोदक हाणूनसुद्धा, ७.४ आलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१० वरून १६८. झाकणाचा राग विसरलो, पाच तारे दिले, मेव्हण्यालाही एक डबा घ्यायला लावला.

ते तारे आज मागे घेतोय. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "काका, आधीची तपासणी जूनची ना? मग एप्रिल-मेमध्ये काय चाललं होतं?" काय चालणार, घरची कलमं आहेत. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणजे जूनच्या रिपोर्टात अख्खा हापूस बसलेला. घरी येऊन जुनी फाइल काढली. आदल्या वर्षी जूनमध्ये ८.०, सप्टेंबरात ७.३. तेव्हा कॅप्सूलचं नावही ऐकलं नव्हतं!

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तर १२८ चं १२६, म्हणजे जिथल्या तिथे. डब्यावर दालचिनी कसली तेही लिहिलेलं नाही. जाड सालीच्या कॅशिया दालचिनीत कूमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, ते रोज पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. आमच्या परसात दापोली विद्यापीठाच्या 'कोकण तेज'चं झाड उभं आहे आणि मी दालचिनी कुरिअरने मागवतोय. ही अजून त्यावरून हसते. आता तीच कंपनी फिशऑइल घ्या म्हणून मेसेज करते. त्याने ट्रायग्लिसराइड उतरतात, साखर नाही. आणि आमच्या दारात बांगडेवाली येते.

ऑक्टोबरपासून डॉक्टरांना विचारून साधा इसबगोल घेतोय. पेठेतला, सुटा. दोन चमचे, मोठा पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचा. रेंगाळलात तर चमचा उभा राहतो. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. पहिले आठ दिवस पोटात नुसता गुडगुडाट. जानेवारीत एलडीएल ११४. साखरेत फारसा फरक नाही. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर भागणार नाही, कोलेस्टेरॉलची गोळी लागेलच. ती सुरू केली.

लाडू झालेल्या डब्याची तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे. भरपाई म्हणून पुढच्या डब्यावर दहा टक्के सूट देऊ केलीय.